छंदाची पेटी : कात्री आधी खाली ठेवा

प्रश्न : माझा नातू न्यू जर्सीला असतो. जुलैत, ऐन पावसात इकडे आला तो बेसबॉलच्या कार्डांचा डबा घेऊनच. त्यातल्या एका कार्डाला मधोमध खिडकी आहे आणि तिच्यात एका जुन्या खेळाडूची खरी सही, कुठल्याशा चेकवरून कापलेली. आता त्याला तसलं कार्ड घरी बनवायचंय. त्याच्याकडे १९३०च्या सुमाराच्या एका बेसबॉलपटूच्या सहीचा सुटा कपटा आहे. माझ्याकडे थोरल्या भावाची सह्यांची वही : १९४८-४९चा वेस्ट इंडीजचा संघ, शिवाय हजारे, फडकर, सगळ्या ब्रेबॉर्नवर घेतलेल्या. पोरगा कात्री घेऊन मागे लागलाय आणि मी वही कपाटात कुलूपबंद केलीय. कोण चुकतंय?
— एक आजोबा, नौपाडा, ठाणे

उत्तर : आजोबा, कुलूप राहू द्या. किल्लीची जागाही बदला.

हे मी शहाणपणाने नाही, हात पोळल्यावर सांगतोय. चरईत माझा लग्नपत्रिकांचा छापखाना होता तेव्हाची, १९८६ची गोष्ट. वडिलांच्या वहीतली विजय मर्चंट यांची सही फ्रेम करायचं डोक्यात आलं. स्टीलची पट्टी लावली, नवं पातं घातलं आणि पान कापलं. सही झकास निघाली. उलटून बघतो तर मागे दत्ताराम हिंदळेकर, आडनावाच्या मधोमध चिरलेले. १९३६ आणि १९४६, दोन्ही इंग्लंड दौऱ्यांवर गेलेले आपले यष्टिरक्षक. १९४९ साली चाळिसाव्या वर्षीच गेले. त्यांची दुसरी सही आणू कुठून? वडील काही बोलले नाहीत. उरलेलं पान खिडकीच्या उजेडाला धरून पाहिलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. दोन्ही तुकडे अजून माझ्याकडे एकाच पाकिटात आहेत.

पण नातू अगदीच चुकतोय असंही नाही. त्याच्याकडचा कपटा आधीच कापलेला आहे. गेलेला खेळाडू कार्डावर सही करायला येणार नाही, म्हणून अमेरिकेतल्या कंपन्या जुने चेक, पत्रं, वह्या विकत घेऊन त्यांतल्या सह्या कार्डात बसवतात. या सहीला तिथे ‘कट’ म्हणतात. आणि कंपन्यांच्याही कितीतरी आधी तिथली पोरंच खेळाडूंना पोस्टकार्डं पाठवून सह्या मागवत आणि सहीपुरता तुकडा कापून वहीत डकवत. म्हणजे पाप कुणीतरी आधीच करून ठेवलंय. त्या कपट्याला घर द्यायला हरकत नाही.

आता कृती. बेसबॉल कार्डाचं माप अडीच इंच बाय साडेतीन इंच. कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीने १९५७ साली ते धरलं आणि पुढे तेच रूढ झालं. नातवाच्या कपट्याची लांबी आधी मोजा. दोन इंचांहून जास्त असेल तर कार्ड आडवं करा. कपटा मात्र कापून लहान करायचा नाही. सहीभोवतीचा कोरा कागद फुकट गेलेला नाही, सही धरायला तोच लागतो.

तीन थर लागतात. कुठल्याही लग्नपत्रिकावाल्याकडे ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) आर्ट कार्ड मिळेल. उरलेल्या कातरणी मागितल्या तर पैसेही घेणार नाही (मी तरी कधी घेतले नाहीत). एक थर पाठीचा. मधल्या थरात कपट्यापेक्षा चहूबाजूंनी एकेक मिलिमीटर मोठं भोक. वरच्या थरात खिडकी, पण ती कपट्यापेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन मिलिमीटर लहान. सगळी मेख इथेच आहे. कपटा मधल्या भोकात मोकळा बसतो, वरची खिडकी त्याला कडेने अडवते, त्यामुळे सहीच्या कागदाला डिंकाचं बोटही लागत नाही. कपट्याच्या मागे आम्लविरहित पातळ कागदाचा तुकडा ठेवा. पुढून खिडकीच्या आत पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म लावा, नाहीतर पाहुणा आला की पहिलं बोट सहीवर. फिल्म पीव्हीसीची नको, ती काही वर्षांनी चिकट होते.

थर एकमेकांना चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ, आपली पतंगाची असते तशी, पण पातळ आणि गाळलेली. कडेकडेने कमीत कमी लावायची, दोन टीपकागदांमध्ये घालून वर जाड शब्दकोश ठेवायचा आणि पावसाळ्यात दोन दिवस हात लावायचा नाही. कपटा शेवटचा थर चिकटवताना आत जातो, म्हणून आधी साध्या कागदाच्या तुकड्यावर आख्खी तालीम करा. माझी पहिली दोन कार्डं वाकडी झाली होती. नातवाचीही होतील, होऊ द्या.

खिडकी कापताना कोपऱ्यात पातं पुढे घसरतं. त्याला उपाय म्हणजे चारही कोपऱ्यांवर आधी दाभणाने टोचून घ्यायचं आणि कोपऱ्याकडून मध्याकडे कापायचं.

कार्डाची पाठ कोरी सोडू नका. बेसबॉलवाले तिथे मोसमांचे आकडे देतात. नातवाला .३०० सरासरी म्हणजे काय ते तुम्हाला समजावू द्या : दहादा फटकेबाजीला उभा राहिला आणि तीनदा फटका मारून पळाला, एवढ्यावर माणूस तिथे मोठा फलंदाज ठरतो. हजाऱ्यांचा चाहता हे ऐकून हसेल, पण तो खेळच वेगळा. पाठीवर तळाशी ‘घरी बनवलेले’ आणि साल लिहाच. कंपनीचं बोधचिन्ह छापून कार्ड दुकानातलं भासवायचं नाही; आज गंमत म्हणून केलेलं उद्या कुणीतरी खरं म्हणून विकतो.

राहिली तुमची वही. तिचीही कार्डं होतील, पण पानं स्कॅन करून. ६०० डीपीआयला स्कॅन, खिडकीत त्याची छापील प्रत आणि पाठीवर स्पष्ट ‘प्रत’. खरी मजा तिथल्या मजकुरात आहे. वेस्ट इंडीजचा फलंदाज एव्हर्टन वीक्स याच्या कार्डामागे त्या दौऱ्याचे आकडे लिहा : दिल्ली १२८, मुंबई १९४, कलकत्ता १६२ आणि १०१, मग मद्रासला ९०वर धावबाद. भारतात येण्याआधी जमैकातही शतक होतं, म्हणजे ओळीने पाच झाली आणि सहावं दहा धावांनी हुकलं. हजाऱ्यांच्या मागे फेब्रुवारी १९४९ची ब्रेबॉर्नवरची कसोटी : विजयाला ३६१ हवे, हजारे १२२, फडकर नाबाद ३७, आपण ८ बाद ३५५वर आणि वेळ संपली. सहा धावा. तुमचे बंधू त्या दिवशी मैदानावर असतील तर तीही एक ओळ त्यांच्या नावानिशी येऊ द्या.

प्रश्न : मी ऑनलाइन लू गेरिग या बेसबॉलपटूची कापलेली सही घेतली. निळ्या बॉलपेनची आहे, अक्षर फोटोतल्यासारखंच आहे. कार्डात बसवू का?
— ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : बसवू नका, पैसे परत मागा. गेरिग २ जून १९४१ला वारले. अमेरिकेतल्या दुकानात बॉलपेन विकायला आलं ऑक्टोबर १९४५मध्ये. अक्षर हुबेहूब असलं तरी पेन चार वर्षं उशिरा आलं. जुन्या शाईच्या सह्याही भिंगाखाली पाहाव्यात : रंगाचे बारीक ठिपके दिसले तर ती छापलेली आहे. शाईची रेघ कागदाच्या धाग्यांत थोडी झिरपलेली असते आणि जाड-बारीक होते. शिक्क्याची सही सगळीकडे एकसारखी सपाट दिसते.

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या सह्या लॅमिनेट करून ठेवल्या तर पावसाळ्यात सुरक्षित राहतील ना?
— कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : नाही. लॅमिनेशन गरम करून चिकटवतात आणि ते पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टीही नको, ती पिवळी पडते आणि डाग कागदात उतरवते. फाउंटन पेनच्या शाईला पाण्याचा एक थेंब पुरतो. प्रत्येक सही पॉलिएस्टरच्या पाकिटात सुटी ठेवा, पाकिटं झाकणाच्या डब्यात आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यात येतात त्या फेकू नका. डबा बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवू नका, खाडीकडच्या वाऱ्याने ती भिंत ऑगस्टभर ओली असते. माझ्या घरचं ते कपाट आता लोणच्यांच्या बरण्यांना दिलंय.