वाचकांचे प्रश्न : आपल्या फोनवर कोणते ॲप टाकायचे, हे कोणी ठरवावे?

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. पैसे मोजून घेतलेल्या फोनवर आपल्याला हवे ते ॲप टाकण्याची मोकळीक आपल्याला आहे की नाही, आणि असली तर ती किती दिवस टिकणार, असे त्यांतून विचारलेले आहे. नाशिक शहर आणि परिसरातून आलेली पाच पत्रे येथे संक्षेपाने देऊन त्यांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. माझा पुतण्या नाशिकला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. फवारणीची तारीख, औषध, त्याचे प्रमाण आणि काढणीपूर्वी सोडावयाचे दिवस यांची नोंद ठेवणारे एक साधे ॲप त्याने आमच्यासाठी तयार केले आहे. ते प्ले स्टोअरवर नाही. त्याने पाठवलेली एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर ॲप टाकण्यासाठीची फाइल) आमच्या गटातले बागायतदार आपापल्या फोनवर टाकून घेतात. यापुढे अशी ॲप चालणारच नाहीत, असे ऐकले. हे खरे आहे काय?

उत्तर : आपण ऐकले ते अर्धे खरे आहे. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये असे जाहीर केले की, गूगलचे प्रमाणन असलेल्या अँड्रॉइड फोनवर, म्हणजे प्ले स्टोअरसह विकल्या जाणाऱ्या फोनवर, ओळख पटवून दिलेल्या विकसकांनी, म्हणजे ॲप तयार करणाऱ्यांनी, नोंदवलेलीच ॲप टाकता येतील. मग ते ॲप प्ले स्टोअरवरून घेतलेले असो, एखाद्या संकेतस्थळावरून उतरवलेले असो किंवा पुतण्याने पाठवलेले असो. जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांसाठी सप्टेंबर २०२६ हा मुहूर्त असून, भारतासह उर्वरित जगात २०२७ पासून हा नियम टप्प्याटप्प्याने आणावयाचा आहे. नोंदणी करताना विकसकाने आपले कायदेशीर नाव, पत्ता, ईमेल आणि दूरध्वनी क्रमांक द्यावा, मागितल्यास सरकारी ओळखपत्र सादर करावे, ज्या डिजिटल किल्लीने ॲपवर सही केली जाते ती आपलीच असल्याचे सिद्ध करावे आणि २५ डॉलर शुल्क एकदा भरावे, अशी ती योजना आहे.

या घोषणेला जगभरातून विरोध झाला. एफ-ड्रॉइड हे २०१० पासून चालत आलेले मुक्त ॲपचे भांडार त्यात पुढे होते, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. तेथील ॲप असंख्य स्वयंसेवकांनी लिहिलेली असतात, त्यांपैकी अनेकांना एका परदेशी कंपनीकडे आपले ओळखपत्र जमा करण्याची इच्छा नसते, आणि दुसऱ्याने लिहिलेले ॲप आपल्या नावावर नोंदवणे हे भांडार चालवणाऱ्यांनाही मान्य नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने थोडी माघार घेतली आणि जोखीम समजून-उमजून पत्करणाऱ्या जाणकार वापरकर्त्यांसाठी नोंदणी नसलेले ॲप टाकण्याचा वेगळा, अधिक खबरदारीचा मार्ग ठेवण्याचे सांगितले. विद्यार्थी आणि हौशी विकसकांसाठी, मोजक्याच फोनवर ॲप देता येईल असे विनाशुल्क खातेही योजनेत आहे. फोन संगणकाला जोडून एडीबी नावाच्या साधनाने ॲप टाकण्याची वाट पूर्वीप्रमाणेच खुली राहावयाची आहे. परंतु त्यासाठी गटातील ज्येष्ठ बागायतदारांनी लॅपटॉप काढून बसावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही, निदान छाटणीच्या दिवसांत तरी नाही.

म्हणजे आपले ॲप बंद पडेल असे नाही. पण ज्या कामासाठी आजवर कोणालाही विचारावे लागत नव्हते, त्यासाठी यापुढे विचारावे लागेल. माझा आक्षेप नेमका येथे आहे. कीटकनाशके विकणाऱ्या दुकानदाराला परवाना लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. परंतु शेतकऱ्याने घरच्या घरी दशपर्णी अर्क तयार करून स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या बागेत फवारला, तर त्यासाठी कंपनीच्या कार्यालयात नाव नोंदवायला कोणी सांगत नाही. प्ले स्टोअर हे गूगलचे दुकान आहे आणि तेथे माल ठेवणाऱ्यांची ओळख मागण्याचा अधिकार गूगलला आहेच. दुकानाबाहेर दोन व्यक्तींमध्ये होणाऱ्या देवाणघेवाणीवर मात्र तोच अधिकार कसा पोहोचतो, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

आपल्या पुतण्याने तूर्त दोन गोष्टी कराव्यात. ॲपवर सही करण्याची किल्ली त्याने एकापेक्षा अधिक ठिकाणी सुरक्षित जपून ठेवावी, कारण वेगळ्या किल्लीने सही केलेली नवी आवृत्ती अँड्रॉइड जुन्या आवृत्तीवर चढू देत नाही; जुने ॲप काढावे लागते आणि त्याबरोबर फोनमधील साऱ्या नोंदी पुसल्या जातात. दुसरे असे की, नोंदी साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढण्याची सोय त्याने ॲपमध्ये द्यावी. निर्यातीच्या द्राक्षांसाठी फवारणीचा हिशेब मागितला जातो तेव्हा तो दाखवता येणे महत्त्वाचे, आणि ते एका ॲपच्या भवितव्यावर अवलंबून असू नये.

प्रश्न : मी कॉलेज रोडला राहतो आणि आयफोन वापरतो. माझ्या मित्रांप्रमाणे मला बाहेरचे ॲप का टाकता येत नाही?

उत्तर : कारण ॲपलने आरंभापासूनच ते दार ठेवलेले नाही. भारतात सर्वसामान्य ग्राहकाला आयफोनवर ॲप स्टोअरखेरीज अन्य ठिकाणचे ॲप टाकता येत नाही. युरोपीय संघात डिजिटल बाजारांविषयीच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून ॲपलला इतर ॲप-भांडारांना वाट द्यावी लागली, परंतु ती सोय भारतातील वापरकर्त्यांना लागू नाही. स्वतः लिहिलेले ॲप विनाशुल्क खात्यावरून स्वतःच्या आयफोनवर चढवता येते, पण सात दिवसांनी ते चालेनासे होते आणि पुन्हा चढवावे लागते. फोन विकत घेण्यापूर्वी हे ठाऊक असेल तर तक्रारीला फारशी जागा नाही. दुर्दैवाने विक्रीच्या काउंटरवर हे कोणी सांगत नाही.

प्रश्न : मी पंचवटीत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. नात्यातील एका व्यक्तीच्या क्रमांकावरून मला व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ म्हणून एक फाइल आली. ती उघडताना फोनने अडवले. मुलगा म्हणाला, ‘आई, बरे झाले!’ आपण मोकळीक असावी असे लिहिता. ती आमच्यासारख्यांच्या जिवावर उठणार नाही काय?

उत्तर : आपला प्रश्न या सर्व पत्रांतील सर्वांत अवघड आहे, आणि आपल्या चिरंजीवांचे म्हणणे योग्य आहे. लग्नपत्रिका, वाहनाचे चलन, बँकेची केवायसी, वीजबिल, शेतकऱ्यांसाठीच्या योजनेचा हप्ता अशी नावे दिलेल्या एपीके फाइली पाठवून लोकांची खाती रिकामी करण्याचे प्रकार देशभर घडत आहेत. अशी फाइल ओळखीच्या क्रमांकावरून येते, कारण त्या व्यक्तीचा फोन किंवा व्हॉट्सॲप खाते आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेले असते. ॲप टाकले की ते एसएमएस वाचण्याची, सूचना पाहण्याची किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही सुविधा वापरण्याची परवानगी मागते. यांतील शेवटची सुविधा अंध आणि अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी केलेली असली, तरी ती मिळालेले ॲप पडद्यावरचा मजकूर वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते. बँकेचा ओटीपी मग आपल्या आधी त्यांच्या हाती पडतो.

हे रोखण्यासाठी अँड्रॉइडमध्ये एकावर एक कुलपे चढत गेली आहेत. २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून, व्हॉट्सॲपवरून आलेले ॲप टाकायचे तर व्हॉट्सॲपला आणि ब्राउझरवरून आलेले टाकायचे तर ब्राउझरला, अशी वेगवेगळी परवानगी द्यावी लागते. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून, अशा रीतीने बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीसारखी नाजूक परवानगी सहजासहजी मिळत नाही. त्यानंतर प्ले प्रोटेक्ट या घातक ॲप हेरणाऱ्या गूगलच्या सुविधेने आधी सिंगापूरमध्ये आणि पुढे भारतातही, एसएमएस किंवा सूचना वाचू पाहणारी आणि ब्राउझर, संदेशसेवा अशा वाटांनी आलेली ॲप टाकतानाच अडवायला सुरुवात केली. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘ऑटो ब्लॉकर’ नावाचे आणखी एक कुलूप आहे. आपल्याला यांपैकीच एखाद्याने वाचवले असावे.

ही कुलपे असावीत याविषयी माझे दुमत नाही, ती विकत घेतानाच लावलेली असावीत आणि उघडताना माणसाला दोनदा विचार करायला लावावे, हेही मला मान्य आहे. माझा आग्रह इतकाच आहे की, कुलूप उघडण्याचा अंतिम अधिकार फोनच्या मालकाकडे राहावा. आपण ते कधीच उघडू नये आणि निफाडच्या बागायतदाराने पुतण्याच्या ॲपसाठी उघडावे, या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेत सहज बसतात. विकसकांच्या नोंदणीने मात्र, जाणकारांसाठीचा तो वेगळा मार्ग सोडल्यास, हा निर्णय आपल्या आणि त्यांच्या, दोघांच्याही हातून जातो.

शिवाय ओळख पटवलेल्या विकसकाचे ॲप म्हणजे निर्धोक ॲप, असे समीकरण मांडता येत नाही. इंटरनेटवरून परस्पर घेतलेल्या ॲपमध्ये प्ले स्टोअरच्या तुलनेत पन्नास पटींहून अधिक घातक ॲप आढळली, असे गूगलचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य असेलही. परंतु ज्या कर्जाच्या ॲपनी आपल्याकडे अनेक कुटुंबांना छळले, त्यांपैकी २,२०० हून अधिक ॲप सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात काढून टाकावी लागली, ती प्ले स्टोअरवरूनच. दुसऱ्याचे ओळखपत्र भाड्याने मिळवणे भामट्यांना किती सोपे जाते, हे बनावट बँक खात्यांच्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको.

अशी फाइल चुकून टाकली गेलीच, तर प्रथम फोनचा मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे आणि लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच ते अडवले जाण्याची शक्यता असते. नात्यातील त्या व्यक्तीलाही साधा फोन करून सावध करावे.

प्रश्न : मी गंगापूर रोडवरील कायद्याचा विद्यार्थी आहे. आपल्या फोनवर हवे ते ॲप टाकण्याचा हक्क भारतीय कायद्याने दिलेला आहे काय?

उत्तर : थेट शब्दांत दिलेला नाही, तो मिळण्याच्या अगदी जवळ मात्र आपण एकदा जाऊन आलो आहोत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि जे आदेश दिले, त्यांत स्टोअरबाहेरून ॲप देण्याच्या विकसकांच्या मुभेवर कोणत्याही प्रकारे निर्बंध घालू नयेत, असाही एक आदेश होता. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, परंतु चार आदेश रद्द केले आणि त्यांत नेमका हाही गेला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यात, मोठ्या कंपन्यांनी वापरकर्त्यांना इतरांची ॲप टाकण्यापासून रोखू नये, असे कलम आहे. परंतु मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

दार एकाच्या हाती असण्याचे परिणाम त्याच महिन्यात दिसले होते. शुल्काच्या वादातून १ मार्च २०२४ रोजी गूगलने नोकरी आणि भारत मॅट्रिमनी यांसारखी भारतीय ॲप प्ले स्टोअरवरून उतरवली आणि केंद्र सरकारने हस्तक्षेप केल्यावर काही दिवसांत ती परत आली. एवढ्या मोठ्या कंपन्यांसाठी मंत्री बोलले. एका विद्यार्थ्याच्या ॲपसाठी कोण बोलणार?

दबाव केवळ कंपन्यांचाच असतो, असेही आपण समजू नये. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनवर ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच घालून देण्याचा आदेश काढला आणि टीका होताच ३ डिसेंबरला त्यातील सक्ती मागे घेतली. नको असलेले ॲप लादले जाणे आणि हवे असलेले नाकारले जाणे, या दोन्हींत मालकाला विचारलेले नसते. अभ्यासासाठी विषय निवडावयाचा असेल, तर न्यायाधिकरणाने रद्द केलेल्या त्या चार आदेशांची कारणमीमांसा मुळातून वाचावी, असे मी सुचवीन.

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यात काम करतो. माझ्या जुन्या फोनला कंपनीकडून सुधारणा (अपडेट) येणे थांबले आहे. त्यावर दुसरी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकता येईल काय? ते बेकायदा तर नाही ना?

उत्तर : स्वतःच्या फोनची प्रणाली बदलणे हा गुन्हा नाही. ते शक्य आहे की नाही, हे मात्र फोनचा निर्माता ठरवतो. त्यासाठी बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा भाग खुला करावा लागतो. काही कंपन्या ते करू देतात, काही अर्ज करून थांबायला लावतात, आणि सॅमसंगने २०२५ मध्ये आपल्या नव्या प्रणालीतून तो पर्यायच काढून टाकला. येथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. अँड्रॉइडचा गाभा असलेल्या लिनक्सच्या परवान्यामुळे कंपनीला त्या भागाची मूळ संहिता (सोर्स कोड) मागणाऱ्याला द्यावीच लागते. पण तीच संहिता बदलून आपल्याच फोनवर चढवण्याची मुभा देण्याचे बंधन तो परवाना घालतो, असे सहसा मानले जात नाही.

लिनेजओएस ही प्रणाली २०१६ च्या अखेरीपासून स्वयंसेवक चालवतात आणि अनेक जुन्या फोनना तिच्यामुळे सुरक्षा-सुधारणा मिळत राहतात. आपल्या फोनचे नेमके मॉडेल त्यांच्या यादीत आहे काय, हे आधी पाहावे. नाव जुळते पण मॉडेल क्रमांक जुळत नाही, अशा फोनवर चुकीची प्रणाली चढवल्यास तो निकामी होऊ शकतो. बूटलोडर खुला करताच फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, म्हणून छायाचित्रे आणि क्रमांक आधी काढून ठेवावेत. आणि व्यवहारातली अडचण अशी की, बदललेली प्रणाली ओळखून बँकांची आणि यूपीआयची काही ॲप चालण्यास नकार देतात. पगाराचे खाते ज्या फोनवर आहे, त्यावर हा प्रयोग करू नये. जुना फोन रेडिओ, नकाशे, वाचन यांसाठी वापरावा आणि बँकेचे ॲप कंपनीकडून सुधारणा मिळत असलेल्या दुसऱ्या फोनवर ठेवावे.