वाचकांचे प्रश्न : साउथ कॅरोलायनात खासदार कसे निवडले जात?

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर दक्षिणेतली बंडखोर राज्यं पुन्हा संघराज्यात घेतली गेली, त्या पुनर्रचना-काळात साउथ कॅरोलायनात झालेल्या संसदीय निवडणुकांबद्दल आलेल्या प्रश्नांची ही उत्तरं. खासदार म्हणजे इथे वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहाचा सदस्य.

प्रश्न : १८६५ पर्यंत जे गुलाम होते त्यांची नावं दोन वर्षांत मतदार यादीत आली कशी? आणि बहुतेक गोरे मतदार घरी का बसले?

यादी राज्य सरकारने केलीच नाही, लष्कराने केली. २ मार्च १८६७ च्या कायद्याने दक्षिणेतल्या दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग पाडले. साउथ कॅरोलायना नॉर्थ कॅरोलायनासोबत दुसऱ्या विभागात गेलं. २३ मार्चच्या पुरवणी कायद्याने नोंदणीसाठी तीन-तीन जणांची मंडळं नेमायला सांगितलं. २१ वर्षं पूर्ण झालेला आणि राज्यात वर्षभर राहिलेला पुरुष शपथ घेऊन नाव नोंदवू शकत होता. युद्धाआधी सरकारी पदावर राज्यघटनेची शपथ घेऊन पुढे बंडात सामील झालेल्यांना मात्र मज्जाव होता. नोंदणी संपली तेव्हा सुमारे ८० हजार कृष्णवर्णीय आणि ४६ हजारांच्या आसपास गोरे यादीत होते.

घरी बसणं हा आळस नव्हता, तो डाव होता. नवी घटना लिहिण्यासाठी परिषद बोलवायची की नाही, या प्रश्नावर नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी मत दिलं तरच निकाल ग्राह्य धरायचा, असं कायद्यात होतं. म्हणजे विरोधात मत देण्यापेक्षा नाव नोंदवून मतदानाला न जाणं जास्त उपयोगाचं! नोव्हेंबर १८६७ मध्ये हा डाव फसला. निम्मे म्हणजे ६३ हजारांच्या जरा वर, आणि मतं पडली सुमारे ७१ हजार. त्यातली विरोधातली जेमतेम सव्वादोन हजार. पुढे अलाबामा या दक्षिणेतल्याच राज्यात हाच डाव साधला, तेव्हा मार्च १८६८ मध्ये संसदेने अटच बदलली आणि पडलेल्या मतांचं बहुमत पुरेसं मानलं. साउथ कॅरोलायनाची नवी घटना एप्रिल १८६८ मध्ये मंजूर झाली आणि त्याच उन्हाळ्यात राज्याचे चार खासदार प्रतिनिधिगृहात जाऊन बसले.

प्रश्न : तेव्हा मतदान गुप्त होतं का? मतपत्रिका कोण छापायचं?

पक्ष छापायचे. सरकारी मतपत्रिका नव्हती, शिक्का नव्हता, आडोसा नव्हता. पक्षाच्या सगळ्या उमेदवारांची नावं असलेली चिठ्ठी मतदान केंद्राबाहेर वाटली जाई. मतदार ती घडी घालून पेटीत टाकी आणि मतदाराचं नाव एका यादीत लिहिलं जाई. चिठ्ठी कोणाकडून घेतली हे चारचौघांना दिसे, त्यामुळे जमीनमालकालाही दिसे. वाचता न येणाऱ्या मतदाराची अडचण वेगळीच. वर एका पक्षाचं नाव आणि खाली दुसऱ्याचे उमेदवार असली चिठ्ठीही हातात पडू शकत होती. संसदेच्या निवडणुकीत मत लेखी किंवा छापील चिठ्ठीनेच द्यायचं, एवढं २८ फेब्रुवारी १८७१ च्या केंद्रीय कायद्याने ठरवून दिलं. चिठ्ठी किती जाड असावी, हे त्यात नव्हतं.

आणि नेमकी तिथेच मेख मारली गेली. १८७८ च्या निवडणुकीत, म्हणजे लष्कराची पाठ फिरल्यानंतर, डेमोक्रॅट पक्षाच्या पातळ टिश्यू कागदाच्या चिठ्ठ्या निघाल्या. (तेव्हा तिथले बहुतेक गोरे डेमोक्रॅट, तर बहुतेक कृष्णवर्णीय रिपब्लिकन.) एका मोठ्या चिठ्ठीच्या घडीत अशा अनेक चिठ्ठ्या दडवून टाकता येत. मोजताना यादीतल्या नावांपेक्षा कागद जास्त भरले, तर पेटीत हात घालून न बघता जादा चिठ्ठ्या काढायच्या आणि नष्ट करायच्या, असा नियम होता. वरवर न्याय्य. आता हिशेब करा. समजा, ४०० मतदारांनी रिपब्लिकन चिठ्ठी टाकली आणि वर २०० पातळ चिठ्ठ्या घुसवल्या. सहाशेतून २०० काढायच्या. काढणारा अगदी प्रामाणिक असला, तरी सरासरीने सुमारे १३३ खरी मतं बाहेर जातात आणि तितकीच खोटी आत राहतात. आणि हाताला जाड कागद कोणता आणि पातळ कोणता हे कळतंच. डोळे बांधून काय उपयोग?

प्रश्न : निकाल पटला नाही तर उमेदवार कोर्टात का जात नसत?

कारण अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातलं पाचवं कलम. आपल्या सदस्यांच्या निवडणुकीचा न्यायनिवाडा प्रत्येक सभागृह स्वतःच करतं. पद्धत १८५१ च्या कायद्याने घालून दिली होती. निकाल ठरल्यापासून ३० दिवसांत हरलेल्याने लेखी नोटीस द्यायची आणि जिंकलेल्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं. मग साक्षी. जानेवारी १८७३ च्या दुरुस्तीनंतर साक्षींना एकूण ९० दिवस मिळत: ४० तक्रारदाराला, ४० प्रतिवादीला, शेवटचे १० पुन्हा तक्रारदाराला खंडनासाठी. कागद वॉशिंग्टनला निवडणूक समितीकडे जात आणि अखेर सभागृह मतदान करी. समितीत बहुमत कोणाचं, हे माहीत असलं की निकालाचा अंदाज बरेचदा आधीच बांधता येई.

कायद्यातले दिवस मोजके, पण प्रत्यक्षातली दिरंगाई अफाट. १८७० मध्ये दुसऱ्या मतदारसंघात रॉबर्ट डी लार्ज यांनी ख्रिस्तोफर बोवेन यांना ९८६ मतांनी हरवलं. दोघेही रिपब्लिकन. बोवेन यांनी आव्हान दिलं. गैरप्रकार इतके, की खरा विजेता ठरवणं समितीला जमेना. २४ जानेवारी १८७३ रोजी जागा रिकामी जाहीर झाली. मुदत संपत होती ३ मार्चला! १८७४ ला त्याच मतदारसंघातून एडमंड मॅकी निवडून आले आणि जुलै १८७६ मध्ये त्यांचीही जागा रिकामी ठरली.

मतांच्या मोजणीपलीकडचं कारणही असू शकत होतं. १८६८ मध्ये चौथ्या मतदारसंघातून डेमोक्रॅट विल्यम सिम्पसन प्रमाणपत्र घेऊन पोचले, पण चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या अपात्रतेमुळे (आधी शपथ घेऊन पुढे बंडात सामील झालेल्यांना पदबंदी) त्यांना बसू दिलं नाही. मे १८७० मध्ये ती जागा प्रतिस्पर्धी अलेक्झांडर वॉलेस यांना मिळाली.

प्रश्न : १८७२ ला मतदारसंघ चार आणि खासदार पाच, हे गणित कसं?

१८७० च्या जनगणनेनंतर राज्याच्या वाट्याला पाचवी जागा आली, पण मतदारसंघ नव्याने आखले गेले नव्हते. अशा वेळी वाढीव खासदार संपूर्ण राज्यातून निवडायला फेब्रुवारी १८७२ च्या कायद्याने मुभा होती. त्या जागेवर चार्ल्स्टनचे पाद्री रिचर्ड केन निवडून आले. जोसेफ रेनी, अलोन्झो रॅन्सिअर, रॉबर्ट एलियट आणि केन असे पाचपैकी चार खासदार कृष्णवर्णीय. १८७४ पासून पाच मतदारसंघ झाले.

प्रश्न : जोसेफ रेनी पोटनिवडणुकीतून आले, हे खरं का?

खरं. पहिल्या मतदारसंघाचे बेंजामिन व्हिटमोर यांच्यावर लष्करी आणि नौदल अकादमीतल्या जागा पैसे घेऊन दिल्याचा ठपका आला. सभागृह हकालपट्टी करणार हे दिसताच त्यांनी २४ फेब्रुवारी १८७० ला राजीनामा दिला. मतदारांनी पुन्हा त्यांनाच पाठवलं, सभागृहाने घेतलं नाही. मग रेनी आले, १२ डिसेंबर १८७० ला शपथ घेतली आणि प्रतिनिधिगृहातले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. मार्च १८७९ पर्यंत ते तिथे होते.

प्रश्न : केंद्र सरकारने बंदोबस्त केला, तरी १८७६ ला चित्र का पालटलं?

बंदोबस्त झाला तेव्हा खरोखर झाला. ऑक्टोबर १८७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या हिंसक गुप्त संघटनेविरुद्ध राज्याच्या उत्तरेकडच्या नऊ काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) हेबिअस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क, स्थगित केलं, शेकडो लोकांना अटक झाली, राज्याची राजधानी कोलंबियात खटले चालले. पण लष्कर कायमचं ठेवायची तयारी नव्हती. १८७६ मध्ये डेमोक्रॅटांच्या बाजूच्या, लाल सदरे घातलेल्या सशस्त्र टोळ्या रिपब्लिकन सभांमध्ये उघड घुसू लागल्या, जुलैत याच राज्यातल्या हॅम्बर्ग गावी कृष्णवर्णीयांची हत्या झाली. एजफील्ड आणि लॉरेन्स काउंट्यांतल्या गैरप्रकारांमुळे राज्याच्या मोजणी मंडळाने तिथले निकाल धरले नाहीत. संसदेच्या पाचपैकी दोन जागा डेमोक्रॅटांकडे गेल्या. रेनी, केन आणि रॉबर्ट स्मॉल्स टिकले. एप्रिल १८७७ मध्ये कोलंबियाच्या विधानभवनातून केंद्राचे सैनिक निघाले.

प्रश्न : निवडणूक निकालांच्या तक्त्यांमध्ये मतदान कधी ऑक्टोबरमध्ये, कधी नोव्हेंबरमध्ये दिसतं. छपाईची चूक?

चूक नाही. तारीख राज्य ठरवत असे. १८७० ला १९ ऑक्टोबर, १८७२ ला १६ ऑक्टोबर, १८७४ ला ३ नोव्हेंबर. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार केंद्रीय कायद्याने १८७६ पासून लागू केला, म्हणून त्या वर्षी ७ नोव्हेंबर. १८७२ च्या तक्त्यात राष्ट्राध्यक्षपदाची मतं वेगळ्या तारखेची दिसतील, ती खासदारांच्या मतांशी थेट ताडून पाहू नका.