रॅकेट कपाटावरच पडलीये, सोडून देऊ का?

"ताई, मी मेडिकलला सेकंड इयरला आहे. शाळेपासून बॅडमिंटन खेळते. टीमची प्रॅक्टिस साडेचारला असते आणि वॉर्डमधून कधी सुटू याचा नेम नाही. प्रॅक्टिसला गेले तर अटेंडन्स जातो, नाही गेले तर टीममधून नाव जातं. सीनियर म्हणतात हौसमौज डिग्रीनंतर. खेळताना पण सारखं वाटतं की बाकीचे आत्ता फार्मा (औषधांचा विषय) वाचत असतील. सोडून देऊ का? – कोर्टाबाहेरची"

अगं, सोडू नकोस, पण टीम सोड. म्हणजे या टर्मपुरती तरी.

तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात बघ. साडेचारची प्रॅक्टिस आणि वॉर्ड एकाच वेळी येतात हा टाइमटेबलचा घोळ आहे, त्यात तुझी काहीच चूक नाही, त्यासाठी तू कितीही लवकर उठलीस तरी फरक पडणार नाही. बाकीचे फार्मा वाचत असतील हे मात्र डोक्यातलं आहे. आणि खरं सांग, तू खेळायला गेली नाहीस त्या दिवशी त्या वेळात किती पानं झाली? माझा अंदाज, पुस्तक उघडं आणि हातात मोबाईल.

रॉजर बॅनिस्टर लंडनला मेडिकलचा विद्यार्थी होता, जेवणाच्या सुट्टीत जाऊन पळायचा, आणि ६ मे १९५४ ला सकाळी हॉस्पिटलला जाऊन आला आणि संध्याकाळी एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदात पळाला, चार मिनिटांच्या आत पहिल्यांदाच कोणीतरी. तुला रेकॉर्ड कर म्हणत नाहीये गं, घाबरू नकोस. पण त्याचं पळणं एकट्याने जमायचं, तुला समोर कोणीतरी लागतं, खरी गोची तिथेच आहे. म्हणून तुझ्याच वॉर्ड पोस्टिंगच्या बॅचमधली एक जण शोध, ती तुझ्याबरोबरच सुटेल, लेट झालात तर दोघी लेट. चांगली खेळत नसली तरी चालेल, शटल परत आली म्हणजे झालं. आठवड्यातून दोनदा अर्धा तास.

कोचला स्वतः जाऊन सांग, मेसेज नको. पोस्टिंग बदलली की परत येईन म्हणावं, म्हणजे दार उघडं राहतं. आणि ते सीनियर, ते डिग्रीनंतर काय खेळतायत विचार जरा.

रॅकेट खाली काढलीस की आधी ग्रिप बदल, इतके दिवस पडून चिकट झाली असणार.