‘नॉयर’ला ‘काळपट’ म्हणावं का?

सोलापूरच्या एका वाचकाने विचारलंय : ‘चायनाटाऊन’ पाहिला, फार आवडला. अशा ‘निओ-नॉयर’ चित्रपटाला मराठीत ‘अंधारपट’ म्हणावं की ‘काळपट’? आणि ‘मूडी सिनेमा’ हा प्रयोग बरोबर आहे का?

आधी मूळ शब्द. ‘नॉयर’ फ्रेंच आहे, तिकडचा उच्चार ‘न्वार’च्या जवळचा, अर्थ काळा. अमेरिकेतल्या गुन्हेगारी चित्रपटांसाठी तो 1946 साली फ्रान्समध्ये नीनो फ्रांक या समीक्षकाने वापरला. ‘निओ’साठी ‘नव’ बिनधास्त घ्या. नवकथा, नवकाव्य आपण कधीचे म्हणतोय.

‘अंधारपट’ मला पटत नाही, आणि त्याचं कारण तुम्ही पाहिलेल्या चित्रपटातच आहे. 1974 चा हा चित्रपट जुन्या नॉयरसारखा रात्रीच्या गल्ल्यांत कोंडलेला नाही. लॉस एंजेलिस, दुष्काळ, डोळे दिपवणारं ऊन, आणि त्या उन्हात चाललेली पाण्याची चोरी. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात भर दुपारी रस्त्यावर उभं राहिलेल्याला, नळाला पाणी कधी येणार याची वाट पाहिलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. इथे अंधार नाही, तरी सगळं काळं आहे. मराठीत यासाठी ‘दिवसाढवळ्या’ हा नेमका शब्द आहे. ढवळा म्हणजे पांढरा. पांढऱ्याधोप उजेडात काळं कृत्य!

आता ‘काळपट’. मूकपट, बोलपट, माहितीपट यांतला ‘पट’ म्हणजे कापड. चादरींच्या गावात राहणाऱ्याला हा पट जवळचा वाटणारच. पण ‘काळपट’ हा आपल्याकडे आधीपासून असलेला शब्द वेगळा. त्यातला ‘पट’ कापडाचा नाही, धुरकट, मळकट, पिवळट यांच्यासारखा छटा दाखवणारा प्रत्यय आहे. काळपट म्हणजे पुरता काळा नव्हे, काळ्याकडे झुकलेला. आणि मला तर या चित्रपटांतली माणसं अगदी तशीच दिसतात. ‘चायनाटाऊन’मधला जॅक निकल्सनचा गुप्तहेर धुतल्या तांदळासारखा नाही, पण खलही नाही. नाकावर भलीमोठी पट्टी चिकटवून तो बराच वेळ वावरतो. नायकाचा चेहरा असा झाकून टाकला, तरी नजर हटत नाही त्याच्यावरून.

म्हणून माझं मत : विशेषण म्हणून ‘काळपट’ जरूर वापरा, नाम म्हणून नको. ‘काल एक काळपट पाहिला’ म्हटलं की ऐकणारा ‘काळपट काय?’ असं विचारणारच. नामाला ‘नवनॉयर’ राहू द्या.

‘मूडी’ मात्र टाळा. मराठीत माणूस मूडी असतो, म्हणजे लहरी. चित्रपट लहरी नसतो. त्याच्या वातावरणाला ‘मळभ’ म्हणून पाहा. पाऊस पडत नाही, ऊनही पडत नाही, जीव मात्र गुदमरतो, ते मळभ. बाहेर लख्ख ऊन आणि माणसांच्या मनावर मळभ, असंही लिहिता येईल.

जाता जाता अभिनयाबद्दल, कारण त्यातही एक शब्द दडलाय. ‘चायनाटाऊन’ची नायिका फे डनवे, तिचं पात्र वडिलांचा उल्लेख करताना त्या शब्दापाशीच अडतं. पहिल्यांदा पाहताना ते जाणवतही नाही, शेवट कळल्यावर मात्र अंगावर काटा येतो. याला ‘तोतरेपणा’ लिहू नका, ती बोलण्याची ठेवण झाली. ‘अडखळणं’ चालेल, पण ते वाचतानाही होतं, चालतानाही होतं. बोलताना मनातल्या भीतीने जीभ मागे सरते, त्याला आपल्याकडे ‘चाचरणं’ म्हणतात. ‘वडिलांचं नाव निघालं की ती चाचरते’ असं लिहिलंत, तर डनवेने काय केलंय ते एका क्रियापदात येईल.