मित्राच्या बायकोवरच्या प्रेमातून आलेला तो जुना रॉक अल्बम कोणता?

‘लैला अँड अदर असॉर्टेड लव्ह साँग्ज’, १९७० चा. बँडचं नाव डेरेक अँड द डॉमिनोज, पण डेरेक वगैरे कोणी नाही, तो ब्रिटिश गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनच. भाऊ प्रेमात पडला पॅटी बॉइडच्या, आणि ती कोणाची बायको तर जॉर्ज हॅरिसनची, म्हणजे बीटल्सवाला जॉर्ज, याचा जवळचा दोस्त! आता हे सरळ सांगणार कसं, मग फारसी कवी निजामीच्या लैला-मजनूमधली लैला उचलली, अन् ‘आय ॲम युवर्स’ या गाण्याच्या तर क्रेडिटमध्येच निजामीचं नाव आहे. रेकॉर्डिंग मायामीत झालं, तिथेच अमेरिकन गिटारवादक ड्युएन ऑलमन येऊन मिळाला आणि त्याचं स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवतात ते) काढून टाकलं तर माझ्या मते अर्धा अल्बम गेला. टायटल साँग सात मिनिटांचं आहे, शेवटचा पियानोचा भाग येईपर्यंत बंद करू नका प्लीज. सुरुवातीला मात्र फार चालला नाही. पुढे १९७७ मध्ये जॉर्ज-पॅटीचा घटस्फोट, १९७९ मध्ये क्लॅप्टनशी लग्न, आणि दहा वर्षांत तेही मोडलं.