प्रोस्टेट वाढलंय: टीयूआरपी, लेझर की वाफेचा उपचार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे, सोनोग्राफीत प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) ९५ ग्रॅम, गोळ्या चालू असताना दोनदा लघवी अडकली आणि नळी घालावी लागली. एक सर्जन टीयूआरपी म्हणतात, दुसरे होल्मियम लेझर, आणि तुम्ही वाफेच्या उपचाराबद्दलही वाचलंय. शिवाय हृदयात स्टेंट आहे, त्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे.

मी युरॉलॉजी वॉर्डात सिस्टर आहे. ऑपरेशन सर्जन करतात, त्यानंतरचे दिवस आमच्या वाट्याला येतात. त्यामुळे मी सांगतेय ते खाटेशेजारून दिसलेलं आहे. निर्णय वडिलांना तपासलेल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

लेझर की बिनलेझर या वादात शिरण्याआधी ९५ हा आकडा बघा. टीयूआरपीत मूत्रमार्गातून दुर्बीण घालतात आणि विजेवर तापणाऱ्या तारेच्या कडीने ग्रंथी आतून तासत, एकेक काप काढत जातात. साधारण ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथीसाठी ही पद्धत उत्तम आहे, आणि नवं काहीही निघालं तरी त्याची तुलना आजही हिच्याशीच होते. ग्रंथी त्याहून मोठी असली की तासायला वेळ लागतो आणि रक्तही जास्त जातं. जुन्या मोनोपोलर यंत्रात धुण्यासाठी सलाइन चालत नाही, बहुतेक ठिकाणी ग्लायसीनचं द्रावण वापरतात. ते जास्त प्रमाणात रक्तात शोषलं गेलं तर सोडियम उतरतं, पेशंटला मळमळतं, तो असंबद्ध बोलायला लागतो. बायपोलरमध्ये साधं सलाइन चालतं, त्यामुळे हा धोका जवळजवळ गेलाच. टीयूआरपी ठरलीच तर ‘मोनोपोलर की बायपोलर?’ हे जरूर विचारा.

होल्मियम लेझरच्या शस्त्रक्रियेला होलेप म्हणतात. यात ग्रंथी तासत नाहीत. करवंटीतून खोबरं सोडवावं तसा वाढलेला भाग बाहेरच्या कवचापासून सोडवतात, मूत्राशयात ढकलतात आणि तिथे यंत्राने बारीक करून ओढून घेतात. ग्रंथी केवढी आहे याने फारसा फरक पडत नाही. एवढ्या मोठ्या प्रोस्टेटसाठी पूर्वी पोटच उघडावं लागायचं, आणि खूप मोठी ग्रंथी किंवा सोबत मोठा मूतखडा असेल तर आजही काही ठिकाणी उघडतात. होलेपमध्ये रक्त कमी जातं, नळीही सहसा लवकर निघते. पण हे कसब हाताला बसायला वेळ लागतो. सर्जनना सरळ विचारा, ‘तुम्ही स्वतः अशा किती केल्यात?’ चांगले सर्जन या प्रश्नावर चिडत नाहीत. दुसरं म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे, क्वचित काही महिने, खोकताना किंवा उठताना लघवी निसटू शकते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आधीपासून शिकून घेतलेले बरे.

ग्रीनलाइट नावाचं एक लेझर ग्रंथीची वाफ करून टाकतं. त्याचा हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, म्हणून रक्तस्राव कमी होतो आणि रक्त पातळ असलेल्यांसाठी त्याचा विचार होतो. मात्र सगळं जळून गेल्यामुळे तपासणीला पाठवायला तुकडा उरत नाही.

आता वाफेचा उपचार, म्हणजे रेझूम. सुई टोचून ग्रंथीत ९-९ सेकंद वाफ सोडतात. काम थोडक्यात आटोपतं, पण पेशी मरून ग्रंथी आक्रसायला आठवडे जातात, तोवर काही दिवस नळी असतेच. मुख्यतः ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथीसाठी तो वापरला जातो, म्हणून वडिलांसाठी मला तो बसत नाही.

मग लोक त्याकडे वळतात कशाला? टीयूआरपी किंवा होलेपनंतर बहुतेक पुरुषांत वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघतं. शरीराला त्याचा अपाय नाही. ताठरता सहसा जात नाही, सुखही राहतं, फक्त ‘कोरडं’ होतं. रेझूममध्ये ही शक्यता बरीच कमी. ही गोष्ट पुरुष आम्हा सिस्टरांना विचारत नाहीत, मुलासमोर तर नाहीच. ‘या वयात काय त्याचं’ असं तुम्ही परस्पर ठरवू नका. डॉक्टरांशी त्यांना एकटं बोलू द्या.

माझा कल? ९५ ग्रॅम आणि रक्त पातळ करणारी गोळी, एवढं धरून चाललं तर सरावलेल्या हातातलं होलेप. तसा हात जवळपास नसेल, तर नवशिक्याच्या लेझरपेक्षा अनुभवी सर्जनचं बायपोलर मला परवडेल.

पहिल्या रात्रीची कल्पना असू द्या. तीन तोंडांची नळी असते: एका वाटेने सलाइन आत जातं, दुसरीने बाहेर येतं, तिसरीने आतला फुगा फुगवलेला असतो. आमची नजर पिशवीवर कमी, नळीतल्या रंगावर जास्त. लालचा गुलाबी होत गेला की सलाइनचा वेग कमी करायचा. नळी असूनही ‘सिस्टर, जोरात लघवी लागलीय’ असं पेशंट म्हणाले की मी आधी नळी कुठे दुमडली नाही ना, ते बघते. मग मोठ्या सिरिंजने धुऊन गुठळी काढते. कधी गुठळी नसतेच, मूत्राशय आकसत असतं, त्यासाठी औषध असतं. घरच्यांनी घाबरून नळी ओढू नये, एवढंच.

घरी गेल्यावर १० ते १४ दिवसांनी आतली खपली सुटते आणि लघवीत पुन्हा लाली दिसू शकते. पाणी जास्त प्यायचं, कुंथायचं नाही, वजन उचलायचं नाही. गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली तर मात्र लगेच दवाखाना गाठा. ग्रंथीचं बाहेरचं कवच शिल्लक असतं आणि कॅन्सर बहुधा तिथेच होतो, म्हणून पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी पुढे किती दिवसांनी करायची, हेही विचारून ठेवा. लघवी दोनदा अडकलीय, तेव्हा मूत्राशयात जोर किती उरलाय हे तपासायचं का, हे आधी विचारा. जोरच नसेल तर वाट मोकळी करूनही धार येत नाही.

आणि ती रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नका. स्टेंट कधी बसवलाय त्यावर बरंच अवलंबून असतं. तारीख मिळाली की पहिला फोन हृदयाच्या डॉक्टरांना करा आणि त्यांचं लेखी मत सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांच्या हातात द्या.