अंगठा कुठे लावायचा आणि कुठे नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी आई सत्तरीची आहे, नागपूरच्या महाल भागात राहते, पेन्शनचं खातं आहे तिचं. मागच्या महिन्यात पासबुक भरून आणलं तर त्यात पैसे काढलेले दिसले, आईनं तर काढलेच नाहीत. ओटीपी नाही, कोणाचा फोन नाही, एटीएम कार्ड तिनं कधी घेतलंच नाही. बँकेत म्हणतात तुमच्या आईचाच अंगठा लागला आहे, आम्ही काय करणार. असं होऊ शकते का?

उत्तर : होऊ शकतं दादा, आणि आईवर अजिबात चिडू नका, तिची काही चूक नाही यात. पासबुकात त्या नोंदीसमोर एईपीएस असं छापलंय का ते आधी बघा. आधारवरून पैसे काढायची ही सोय, गल्लीतल्या मिनी बँकेत किंवा बँक मित्राकडे, म्हणजे बँकेनं नेमलेल्या माणसाकडे, जे छोटं मशीन असतं ना, ते. त्याला फक्त तीन गोष्टी लागतात, आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट. पिन नाही, ओटीपी नाही, आणि एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत निघतात. गावखेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला शहरात न येता पैसे मिळावे म्हणून ही सोय केली आणि ती खरंच कामाची आहे, पण आधार नंबर आणि बोटाचा ठसा दोन्ही एकाच चोराच्या हाती लागले की मग अडवायला मध्ये फार काही उरत नाही. ठसा मिळतो कुठून? काही राज्यांत जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठे नोंदणीच्या वेबसाइटवरून उतरवून सिलिकॉनची बोटं बनवल्याच्या केसेस पोलिसांनी पकडल्या आहेत. दुसरा प्रकार त्याहून साधा, मशीनवाला म्हणतो सर्व्हर डाऊन आहे आजी, परत लावा अंगठा, आणि पहिल्यांदाच पैसे निघालेले असतात.

आता काय करायचं ते सांगतो, आणि हे आजच करा, उद्यावर ढकलू नका. १९३० ला फोन लावा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. मग बँकेत लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून परत येऊ नका, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घ्या. अर्जात साफ विचारा की हा व्यवहार कोणत्या टर्मिनलवर झाला, कोणत्या बँक मित्राच्या मशीनवर, किती वाजता. ही माहिती प्रत्येक व्यवहारासोबत नोंदलेली असते, म्हणून "अंगठा लागला आहे" एवढ्या उत्तरावर उठायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्यानंच गडबड केली, अशा वेळी बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला एक रुपयाचाही भुर्दंड नाही, आणि चूक ग्राहकाचीच आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्यात बँकेवर टाकली आहे. तुमच्या आईला मेसेजच आला नाही असं दिसतंय, तर तेही अर्जात लिहा, मोबाइल नंबर खात्याला जोडलाय का ते तपासा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही.

एक गोष्ट मला फार खटकते. बँकेतली मंडळी अंगठा म्हणजे ब्रह्मवाक्य असल्यासारखं बोलतात. १८७७ मध्ये बंगालात हुगळीला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पेन्शनवाल्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, मेलेल्या माणसाच्या नावानं दुसराच पेन्शन उचलू नये म्हणून. म्हणजे हा उपाय पेन्शनच्या चोरीवरच निघाला होता. पण तेव्हा समोर माणूस उभा असायचा आणि कारकून त्याचं बोट शाईत बुडवायचा. आजच्या मशीनला समोर कोण उभं आहे ते दिसत नाही, त्याच्यासमोर फक्त बोट येतं. आधारवाल्यांनी २०२३ मध्ये बोट जिवंत आहे की नकली हे तपासणारी नवी यंत्रणा लावली आणि त्यानं फरक पडला असणारच, तरी "अंगठा जुळला म्हणजे आईच आली होती" हे मानायला मी तयार नाही आणि तुम्हीही मानू नका.

आणि आईचं बायोमेट्रिक, म्हणजे आधारमधली बोटांच्या ठशांची वगैरे नोंद, लॉक करून टाका. आधारच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर होतं, मोबाइल आधारला जोडलेला हवा. लॉक असताना कोणीही अंगठा लावला तरी मशीन नाही म्हणतं, स्वतःला काढायचे असले की थोड्या वेळापुरतं उघडता येतं. तिथंच मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची यादीही दिसते, ती बघाच, त्यात अजून काही सापडू शकतं.

प्रश्न : इतवारीत माझं होलसेलचं दुकान आहे. दिवसभर यूपीआय चालू असते, पिन टाकताना बाजूचा माणूस बघत असतो. आता म्हणे बोट लावूनही पेमेंट होते. ते सुरू करू की तुमच्याच म्हणण्याप्रमाणे बोटापासून दूर राहू?

उत्तर : सुरू करा, आणि वरच्या उत्तरानं घाबरू नका, कारण ही दोन बोटं वेगळ्या जागी लागतात. मिनी बँकेच्या मशीनवर तुमचा ठसा आधारच्या सर्व्हरपर्यंत जाऊन तिथे जुळवला जातो, मशीन दुसऱ्याचं असतं. फोनमध्ये मात्र ठसा फोनच्याच एका वेगळ्या सुरक्षित भागात राहतो, बँकेला जात नाही, ॲपला दिसत नाही, फोन फक्त "जुळलं" किंवा "नाही जुळलं" एवढंच सांगतो. म्हणजे चोराला तुमचं बोटही पाहिजे आणि तुमचाच फोनही पाहिजे. ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयमध्ये पिनऐवजी बोट किंवा चेहरा वापरायची परवानगी मिळाली, सुरुवातीला एका व्यवहाराला ५,००० रुपयांपर्यंत, त्यावर पिन लागतोच. गर्दीच्या दुकानात पिन डोकावून बघणारे असतात तिथे हे नक्कीच बरं.

पण सुरू करायच्या आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणाकोणाची बोटं भरली आहेत ते मोजा. दुकानातल्या पोऱ्याचं बोट कधीतरी गाणी लावायला भरलेलं असतं, पुतण्याचं असतं, आणि पेमेंटला ही सगळी बोटं चालतात. फोनचा पॅटर्न किंवा पिन चौघांना माहीत असेल तर त्यातला कोणीही आपलं बोट नव्यानं भरू शकतो, म्हणून तो आधी बदला. आणखी एक, बोट तुम्हाला चोरापासून वाचवतं, भूलथापांपासून नाही वाचवत. "पैसे पाठवतोय भाऊ, स्कॅन करा आणि बोट लावा" असं कोणी म्हटलं की फोन खाली ठेवा, पैसे घ्यायला ना पिन लागतो ना बोट. पिन टाकताना निदान चार आकडे दाबेपर्यंत विचार करायला क्षणभर मिळायचा, बोट टेकलं की झालं, म्हणून रक्कम आणि नाव वाचल्याशिवाय टेकू नका.

प्रश्न : मी कामठीजवळ राहते, बिड्या वळून वळून बोटं घासली आहेत. मशीनवर अंगठा लागतच नाही. मशीनवाला म्हणते आधार कार्ड इथंच ठेवून जा, मी संध्याकाळी बघतो. ठेवू का?

उत्तर : नाही ताई, अजिबात ठेवू नका, आणि ठेवून आला असाल तर आजच परत आणा. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. अंगठाच लावला पाहिजे असं काही नाही, आधारमध्ये दहाही बोटं भरलेली असतात, डाव्या हाताची करंगळीच्या बाजूची बोटं कमी घासलेली असतात, ती लावून पाहा. बोट पुसून किंचित ओलसर करून लावा. काही बँकांच्या केंद्रांवर चेहरा दाखवूनही होतं, ते विचारा. काहीच जमलं नाही तर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्यानं द्या. आणि मशीनवाल्यानं दुसऱ्यांदा बोट लावायला सांगितलं की आधी मागच्या वेळची पावती मागा, फेल झालेल्या व्यवहाराचीही पावती निघते. पावती हातात आल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट लावायचं नाही, मागे कितीही मोठी रांग असू द्या.

प्रश्न : फोटोवरून बोटाचा ठसा काढता येतो असं माझा मुलगा म्हणतो. खरं आहे का? मी फेसबुकवर मेंदीचे फोटो टाकत असते. (धरमपेठ)

उत्तर : मुलगा खोटं नाही बोलत. २०१४ मध्ये जर्मनीत एका हॅकरनं तिथल्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेअर लायन यांच्या हाताच्या फोटोंवरून त्यांचा ठसा उभा करून दाखवला होता. त्याच्याही आधी २००२ मध्ये जपानच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटिनच्या बोटांनी तेव्हाचे बरेच स्कॅनर फसवले होते. पण ते लोक मुद्दाम मागे लागलेले, भारी कॅमेरे घेऊन. तुमच्या मेंदीच्या फोटोवरून कोणी खातं रिकामं करेल याची मला तेवढी काळजी वाटत नाही, मेंदी खुशाल टाका. सही-अंगठ्याची कागदपत्रं मात्र व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, सोसायटीच्या ग्रुपवर लोक अख्खं खरेदीखत टाकतात, तिथे अंगठाही असतो आणि कधी कधी आधार नंबरही.